तरवडाला पाटी कोण लावणार?

गेल्या वर्षी भाद्रपदात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावाहून साताऱ्याला राहायला आल्या होत्या. त्यांना कास दाखवायचं असं आम्ही बरीच वर्षं म्हणत होतो. पण गुडघे आता चढ-उतार सोसत नाहीत, आणि यवतेश्वरच्या घाटात शनिवार-रविवारी गाड्यांची जी रांग लागते ती माझ्याच अंगावर येते. म्हणून मी त्यांना शहराजवळच्या एका संस्थेच्या आवारातलं लहानसं उद्यान दाखवायला नेलं. दोन-अडीच एकरांचा उतार, दगडी पायवाटा, प्रत्येक झाडाखाली हिरवी पाटी. फाटकावर ‘स्थानिक वनस्पती उद्यान’ असं लिहिलेलं.

मी मूळची मेढ्याची. त्या फाटकातून आत गेल्यावर मला माहेरी आल्यासारखं झालं. डाव्या हाताला अंजनी, पुढे गेळ, कुंभा, हिरडा. उताराच्या टोकाला कारवीचं रान लावलं होतं. आजीच्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या होत्या, वरून शेणामातीचा लेप. ती पानं हाताला लागली आणि चूल, धूर, पावसात ओली झालेली गोधडी असं सगळं एकदम आठवलं. तेरडा आणि सोनकी फुललेली होती. एका हिरव्या जाळीखाली कुंड्यांमध्ये कंदीलपुष्पं होती आणि तिथला माळी ती फार मायेनं दाखवत होता. या फुलाची नळी आतून केसाळ असते. वासाला भुलून लहानशी माशी आत शिरते, खाली वळलेल्या केसांमुळे तिला परत फिरता येत नाही. पराग अंगाला चिकटेपर्यंत ती आतच राहते. मग केस सुकतात आणि माशी सुटते. यातल्या काही जाती सह्याद्रीतल्या मोजक्याच डोंगरांवर उरल्या आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्या वाढवण्याचं, जपण्याचं मोठं काम झालं आहे. हे सगळं मी आत्याबाईंना सांगत होते.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. दोन फेऱ्या झाल्यावर पाराच्या कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “पोरी, हे समदं तुमच्याकडचं हाय. आमच्याकडची झाडं कुटं लावल्यात?”

मी म्हटलं, “आत्या, हे साताऱ्याचं उद्यान आहे ना.”

“मग माण काय सातारा जिल्ह्यात न्हाई व्हय?”

त्यांचं गाव जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला आहे. लग्न होऊन मला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत मी त्या गावी शेकडो वेळा गेले असेन, पण तिथल्या झाडांकडे ‘वनस्पती’ म्हणून मी कधीच पाहिलं नव्हतं, हे त्या कट्ट्यावर बसल्यावर लक्षात आलं. बाभळी, बोरी, हिवर, तरवड: माझ्या लेखी ती सरपण होती, कुंपण होती, फार तर शेळ्यांचा चारा. झाडं म्हणजे मेढ्याची, महाबळेश्वरची. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली बाई आणि माझीही समजूत हीच.

म्हणून हा लेख. स्थानिक झाडं लावा, विदेशी झाडं नकोत, हे आता बहुतेकांना पटलेलं आहे. शाळेच्या वृक्षदिंडीपासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सगळे ‘देशी झाडं’ म्हणतात, आणि ते चांगलंच आहे. पण देशी आणि स्थानिक हे एकाच अर्थाचे शब्द नाहीत. देश मोठा आहे. स्थानिक हा शब्द माझ्या मते तालुक्याचा आहे, कधी कधी तर एका डोंगराच्या एका बाजूचा. आपली वनस्पती उद्यानं, रोपवाटिका आणि वृक्षलागवडीच्या याद्या हा फरक मानत नाहीत, आणि त्याची किंमत कोरडे तालुके मोजतात.

साताऱ्याचंच पाहा. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माणमध्ये तो पाचशेच्या आत-बाहेर असतो, वाईट वर्षी त्याहून खूप कमी. दोन्हींमधलं अंतर रस्त्यानं दीडशे किलोमीटरच्या आत. एका जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखाली दहा-बारा पटींचा फरक! सांगलीतही तेच. शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचं सदाहरित रान आहे आणि पूर्वेला जत-आटपाडीचा माळ, जिथे पावसाळ्यातही ढग नुसते वरून निघून जातात. या दोन टोकांना एकच ‘स्थानिक’ झाड कसं चालेल? पण जिल्ह्याची रोपांची यादी एकच असते. वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच, आंबा, जांभूळ, करंज. सातही चांगली झाडं. (चिंच मुळात आफ्रिकेची, पण ती इतक्या शतकांपूर्वी आली की तिच्याखाली बसून कोणी हा प्रश्न विचारत नाही.) यांतलं जांभूळ माणच्या खडकाळ माळावर लावून त्याला टँकरनं पाणी घालायचं, दुसऱ्या उन्हाळ्यात ते वाळलं की नवा खड्डा घ्यायचा, असं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथेच दहा पावलांवर हिवर कोणीही न लावता, कोणीही पाणी न घालता उभा असतो.

कासचं पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, पश्चिम घाटातल्या एकोणचाळीस स्थळांपैकी एक म्हणून. महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. त्यातली तीन तर आपल्याच दोन जिल्ह्यांशी निगडित. या मानाचा मला अभिमान आहे आणि कासवर माझं प्रेम आहे. जांभ्या दगडावर बोटभर मातीच्या थरात एवढं जग उभं राहतं हे अजूनही दरवर्षी नवं वाटतं. सड्यावरच्या, म्हणजे या खडकाळ पठारावरच्या, उथळ डबक्यांत उगवणाऱ्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच ‘सातारेन्सिस’ आहे. एखाद्या गावाच्या वाट्याला याहून मोठा सन्मान तो कोणता? पण या कौतुकाचा एक परिणाम झाला आहे. साताऱ्याची वनस्पती म्हणजे कासची वनस्पती, असं समीकरण पक्कं झालं. जे फूल छायाचित्रात सुंदर दिसतं, जे दुर्मीळ आहे, ज्याला युनेस्कोचा शिक्का आहे, तेच ‘आपलं’. आणि जे बांधावर आहे, काटेरी आहे, शेळी ज्याला तोंड लावते, ते रान.

कंदीलपुष्पाचंच घ्या. ज्या फुलासाठी हिरवी जाळी, कुंड्या आणि माळ्याची माया, त्याचा एक सख्खा नातेवाईक माणच्या, जतच्या, आटपाडीच्या दगडांत उगवतो. माकडशिंगी. पानं नाहीतच म्हटलं तरी चालेल, हिरव्या मांसल चौकोनी कांड्या, बोराटीच्या नाहीतर तरवडाच्या बुडाशी दडलेल्या. मेंढपाळ पोरं तिच्या आंबट-तुरट कांड्या मोडून खातात, दुष्काळात मोठीही खात. दोघी एकाच कुलातल्या, त्याच कुलाच्या एकाच शाखेतल्या. काही वनस्पतिशास्त्रज्ञ तर आता दोघींना एकाच प्रजातीत बसवतात. फुलं बघितली तरी नातं कळतं, दोन्हींवर माश्याच येतात. एक बहीण धुक्यात राहते, दुसरी उन्हात. एकीसाठी आपण उद्यान केलं आणि दुसरी उगवते त्या माळावर जेसीबी फिरवून आपण ‘पडीक जमिनीचा विकास’ करतो.

‘पडीक’ हा शब्दच मला सर्वात जास्त खटकतो. सातबाऱ्यावर पोटखराबा, सरकारी अहवालात पडीक, पुढाऱ्याच्या भाषणात ओसाड. ज्या माळावर कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवतं आहेत, ज्या गवतांवर खिलार जनावर आणि माडग्याळी मेंढी घडली, जिथे लांडगा, खोकड आणि चिंकारा अजून तग धरून आहेत, तो माळ ओसाड कसा? माडग्याळी मेंढीला नाव जत तालुक्यातल्या गावाचं आहे. ती मेंढी त्या गवताशिवाय झाली नसती. गवताळ माळ ही जंगल व्हायची राहून गेलेली जागा नव्हे. ते स्वतःच एक पूर्ण रान आहे, फक्त त्याची उंची गुडघ्याएवढी आहे. तिथे ओळीनं खड्डे खणून झाडं लावणं म्हणजे एक रान मोडून दुसरं न येणारं रान लावणं. लावलेलं झाड ‘देशी’ आहे म्हणून हे बरोबर ठरत नाही. कासच्या सड्यावर कोणी वड लावू म्हटलं तर आपण सगळे अंगावर धावून जाऊ. माणच्या माळावर लावला तर टाळ्या वाजवतो.

आता रोपवाटिकांबद्दल. यात कोणा एका खात्याचा दुष्टपणा आहे असं मला वाटत नाही, आणि तो शोधत बसण्यात अर्थही नाही. गोम हिशेबाच्या पद्धतीत आहे. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीची मोठी मोहीम झाली, २०१९ च्या एकाच पावसाळ्याचं उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचं होतं. एवढी रोपं एका हंगामात हवी असतील तर कोणती झाडं निवडली जातील? जी काही महिन्यांत पिशवीत गुडघाभर होतात ती. ग्लिरिसिडिया फांदी खोचली तरी फुटतो. सुबाभूळ, पेल्टोफोरम, गुलमोहर, सगळे चटकन उगवणारे. हिरड्याची आठळी महिनोन् महिने मातीत पडून राहते. बहाव्याचं बी इतकं टणक की त्याला खरवडल्याशिवाय किंवा गरम पाण्यात भिजवल्याशिवाय कोंब येत नाही. नांद्रुक-उंबराचं बी पक्ष्याच्या पोटातून आलेलं बरं. ही झाडं ‘उद्दिष्टा’च्या वेळापत्रकात बसत नाहीत. म्हणजे झाड निवडतो कोण? वनस्पतितज्ज्ञ नाही, शेतकरी नाही. जुलैतली मोजणी निवडते. मोजणी पुढच्या मे महिन्यात ठेवली, तर हीच यादी आपोआप बदलेल. ही माझी पहिली मागणी आहे आणि तिला पैसा लागत नाही.

कोनोकार्पस या विदेशी झाडाचं आणखी वेगळं. पाच-सहा वर्षांपूर्वी साताऱ्या-सांगलीकडच्या नव्या वसाहतींत, महामार्गाच्या दुभाजकांवर तो दिसू लागला. सदा हिरवा, छाटला की भिंतीसारखा. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपण मात्र अजून नर्सरीतून रिक्षाभर नेतो.

मी विदेशी झाडांचा द्वेष करत नाही, हे इथेच सांगते. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो हे सगळे बाहेरून आले आणि आपल्या ताटाचे झाले. मे महिन्यात फुललेला गुलमोहर मलाही आवडतो. तो मादागास्करचा आहे म्हणून त्याच्या सावलीला बसू नये असं नाही. रस्त्यावरचा जुना विलायती शिरीष तोडून तिथे देशी रोप लावा, असं कोणी म्हणालं तर मी त्या झाडाला मिठी मारून उभी राहीन. उभं झाड तोडायचं नाही. प्रश्न पुढच्या रोपाचा आहे, आणि तो साधा आहे: या झाडाकडे कोण जेवायला येतं? बोरीवर, बाभळीवर, पळसावर, सावरीवर किती जीव येतात ते एक सकाळ बसून मोजावं. मग ग्लिरिसिडियाखाली एक सकाळ बसावं. आमच्याकडची शेळीसुद्धा पहिल्यांदा त्याला हुंगून पुढे जाते. कोकणात त्याच्या पाल्याचं खत करतात, तिथे त्याला काम आहे; माणच्या डोंगरावर ओळीनं लावून काय साधलं?

आणि नजरेचंही एक आहे. गेली काही वर्षं पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर, रस्त्यांच्या कडेनं पिवळा-केशरी कॉसमॉस माजला आहे. मेक्सिकोकडचं हे फूल, बागेतून सुटलेलं. लोक त्याच्यात उभं राहून फोटो काढतात आणि खाली ‘सह्याद्रीचा फुलांचा गालिचा’ असं लिहितात. त्यांना दोष का द्यायचा? त्यांना कोणी कधी सोनकी ओळखायला शिकवली होती? गाजरगवत पन्नासच्या दशकात पुण्यात दिसलं आणि देशभर पसरलं, तेव्हा ते ओळखणारी माणसं मोजकी होती. ओळख नसली की धोक्याचीही जाणीव नसते. म्हणून मला उद्यान हवं आहे. उद्यान हे नावांची ओळख करून देण्याचं ठिकाण आहे, आणि सगळ्यांना कासच्या सड्यावर नेऊन ती ओळख करून देणं कासला परवडणारं नाही. तिथे आधीच संख्येवर मर्यादा घालावी लागते, नोंदणी करावी लागते. पायाखाली काय येतं हे न कळलेला माणूस कितीही चांगल्या मनाचा असला तरी त्याचा पाय पडतोच.

वनस्पती उद्यान ही संस्था आपल्याकडे आली तीच मुळी उलट्या हेतूनं. कोलकात्याजवळच्या शिबपूरचं उद्यान १७८७ चं, पुण्याजवळ दापोडीचं १८२८ चं. बाहेरची उपयोगी झाडं आणून इथल्या हवेत रुजवायची, सरकारला फायदा होईल असं काही सापडतं का पाहायचं, हा त्यांचा एक मोठा उद्देश होता. दापोडीचं उद्यान सांभाळणारे अलेक्झांडर गिब्सन पुढे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्या लोकांनी कामही प्रचंड केलं. थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे जे ग्रंथ लिहिले, ते आजही शास्त्रज्ञांना उघडावे लागतात. पण दूरच्या वनस्पतीला कुंडी आणि जवळच्या वनस्पतीला विळा, ही सवय तिथून आपल्या नगरपालिकांच्या बागांपर्यंत चालत आली. आज बागेत लॉन आहे, पाम आहे, छाटलेला हत्ती आहे, आणि मारवेल उगवली की ‘तण’ म्हणून उपटली जाते.

म्हणून मला जिल्ह्याला एक भव्य उद्यान नको. तसा प्रस्ताव कधी ना कधी येईल: शंभर एकर, संगीत कारंजं, प्रवेशद्वार, कोट्यवधींचा आराखडा. त्यात सगळ्या तालुक्यांची झाडं एकाच मातीत, एकाच पाईपच्या पाण्यावर लावतील आणि माणचा हिवर तिथे कुजून मरेल. मला तालुक्यागणिक एक लहान उद्यान हवं आहे. एक एकरसुद्धा पुरे. दहिवडीला, खटावला, आटपाडीला, जतला, कवठे महांकाळला. पाटणला आणि शिराळ्यालाही, पण तिथलं वेगळं. त्यात त्या तालुक्यातलंच बी, त्या तालुक्यातलंच गवत, आणि पहिली दोन वर्षं जगवल्यावर वरचं पाणी बंद. उन्हाळ्यात ते वाळलेलं दिसेल. दिसू दे. माळ उन्हाळ्यात असाच दिसतो. चैत्रात निष्पर्ण पांगारा फुललेला पाहणं हा त्या उद्यानाचा धडा आहे.

यादी कुठून आणायची? ती आधीच आहे. जैविक विविधता कायदा २००२ चा. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार व्हायला हवी. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली तेव्हा राज्यभर घाईघाईनं नोंदवह्या भरल्या गेल्या. एका गावची नोंदवही मी मागून पाहिली, गावाचं नाव लिहीत नाही. त्या दुष्काळी गावाच्या यादीत शेजारच्या ओल्या तालुक्यातली झाडं जशीच्या तशी उतरवलेली होती आणि तरवडाचा उल्लेखच नव्हता. ज्या समितीनं ती भरली त्यातल्या दोन बाया मला भेटल्या. समितीत आपलं नाव आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. हे वाचून राग येईल, मलाही आला. पण कायदा आहे, समिती आहे, वही आहे. ती वही खऱ्या माणसांना विचारून दुरुस्त करायची आणि त्यातलं जमिनीवर लावायचं, एवढंच उरलं आहे.

खऱ्या माणसांना म्हणजे कोणाला? त्या दिवशी आत्याबाई कट्ट्यावर बसून जे बोलल्या ते मी एका कोऱ्या कागदावर लिहून घेतलं. तरवडाच्या सालीत चामडं कमावत. नवरात्रात घटावर तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ चढते. तरवडाची काडी दातांना. आषाढी द्वादशीला उपास सोडताना वाघाट्याची भाजी हवीच, आणि वाघाटीचा वेल कोणत्या कुंपणावर आहे ते त्यांच्या पिढीतल्या प्रत्येक बाईला माहीत. हिवराच्या शेंगा कधी पडतात, तेव्हा मेंढरं कुठे न्यायची. कुसळी कोवळी असतानाच चारायची, नाहीतर कुसळं मेंढीच्या लोकरीत शिरून कातडीला टोचतात. एका तासात त्यांनी वीसेक झाडांची नावं सांगितली, आणि त्यातल्या पाच-सहांना त्यांच्या गावचं जे नाव आहे ते मला कुठल्याच पुस्तकात नंतर सापडलं नाही. त्या बहात्तर वर्षांच्या आहेत. त्यांच्या नातवंडांना, म्हणजे माझ्याच मुलांना, यातली तीन नावं येतात.

पाटीवर लॅटिन नाव हवंच. ते सगळ्या जगाशी जोडतं. पण त्याच्या खाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, गावचं नाव हवं. तालुका बदलला की नाव बदलतं, म्हणून पाटीही तालुक्याची हवी.

“काट्याकुट्यांची बाग बघायला कोण येणार?” असं मला एका बैठकीत विचारलं गेलं. विचारणारा माणूस मनानं चांगला होता, त्याला खरोखरच उत्तर हवं होतं. मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, आता देते. ज्यांनी या झाडांच्या सावलीत मेंढरं राखली, त्यांची मुलं येतील. शाळांच्या सहली येतील, कारण तालुक्याच्या गावाला यायला गाडीभाड्याचा प्रश्न नसतो, कासला जायला असतो. दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या ओरबाडणारे येतील आणि दोन्ही झाडं शेजारी शेजारी पाहून फरक समजून घेतील. शमी म्हणून नर्सरीवाला काहीही गळ्यात मारतो, ते खरी शमी पाहायला येतील. आणि समजा कोणीच आलं नाही, तरी तिथलं बी तयार राहील. पुढच्या वर्षी रोजगार हमीतून डोंगरावर लावायला त्याच मातीतलं बी मिळेल, दोनशे किलोमीटरवरून ट्रकनं रोपं आणावी लागणार नाहीत. माझ्या दृष्टीनं पाहुण्यांच्या संख्येपेक्षा हे बी मोठं आहे.

या मातीत आणि माणसांत ताकद नाही असं तर अजिबात नाही. सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्य माणसांनी घडवलेलं आहे. धों. म. मोहिते यांनी उघड्या डोंगरासाठी वर्षानुवर्षं धडपड केली आणि १९८५ मध्ये सुमारे अकरा चौरस किलोमीटरचं ते रान अभयारण्य झालं. माणमधल्या टाकेवाडीनं श्रमदानानं डोंगर अडवून २०१८ ची ‘वॉटर कप’ ही जलसंधारणाची स्पर्धा जिंकली. मिरज तालुक्यात भोसे गावाजवळ, चारशे वर्षांचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वडासाठी २०२० मध्ये लोक उभे राहिले आणि रत्नागिरी-नागपूर महामार्गाची आखणी तिथे बदलावी लागली. वडासाठी रस्ता वळवणारी माणसं आपण आहोत. पण वड डोळ्यांत भरतो. हाताच्या उंचीचा तरवड, टाचेखाली येणारी माकडशिंगी, यांच्यासाठी रस्ता वळवा म्हणायला आधी ती ओळखीची व्हायला हवीत.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. उद्यान झालं की माळ मोकळा सुटला, असं होऊ शकतं. “तुमची झाडं आम्ही एक एकरात जपली आहेत ना, मग उरलेल्या पाचशे एकरांवर प्रकल्प आला तर काय बिघडलं?” असं म्हणणारा कोणी ना कोणी निघेलच. आणि उद्यान भरायच्या हौसेनं रानातलं दुर्मीळ झुडूप मुळासकट उपटून आणणारेही निघतात. म्हणून अट हवी: रानातून फक्त बी आणायचं, तेही थोडं; झाड कधीच नाही. आणि प्रत्येक तालुका उद्यानाला त्याच तालुक्यातला एक जिवंत माळ जोडलेला असावा, चराईसकट. गुरं आणि मेंढ्या पूर्ण बंद केल्यावर गवत माजून लहान फुलं गुदमरतात, हे सड्यांवर काम करणारे अभ्यासकही सांगतात. मेंढपाळ तर पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. तो माळ वाचला नाही तर उद्यान म्हणजे नुसती आठवण उरेल, हे मी मान्य करते. तरीही आज तिथे आठवणसुद्धा नाही.

त्या दिवशी निघताना मी माळीदादांना विचारलं, माणच्या झाडांना इथे कोपरा द्याल का. ते म्हणाले, “बी आणा, लावतो. पाऊस इथं जास्त हाय, बघू काय जगतंय.” जानेवारीत आम्ही गावाहून तरवडाच्या सुकल्या शेंगा नेऊन दिल्या, मेच्या शेवटी पिशवीभर हिवराच्या. उताराच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी थांबत नाही, त्यांनी मुरूम घालून दोन वाफे केले आहेत. तरवडाची अकरा रोपं वर आली. हिवराचं एकही नाही; गरम पाण्यात भिजवूनही नाही.

मी फोनवर आत्याबाईंना हे सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. “शेंगेतलं बी कशाला लावलं? शेळी शेंगा खाती, लेंडीतनं जे बी पडतंय ते उगवतंय. गोठ्यात पडलंय की ढीगभर.”

येत्या रविवारी गावाहून एसटीनं लेंड्यांचं पोतं येणार आहे. माळीदादांना कळवलं आहे.